कुलपाचीं पांच मिनिटें

संध्याकाळची वेळ आहे. वाचनालयांत घटकाभर वर्तमानपत्रें चाळून एक गृहस्थ बाहेर येतात, खिशांतून किल्ली काढतात, आणि जेथें सायकल उभी केली होती त्या जागेशीं येऊन थबकतात. जागा रिकामी आहे. प्रथम त्यांना वाटतें, सायकल पलीकडच्या बाजूस ठेवली असेल. ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, प्रत्येक सायकलीकडे निरखून पाहतात, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारतात, आणि अखेर पुन्हां त्याच रिकाम्या जागेशीं येऊन उभे राहतात. किल्ली अजून हातांतच असते. ज्याची सायकल गेली आहे त्याला त्या क्षणीं त्या किल्लीइतकी निरुपयोगी वस्तु जगांत दुसरी दिसत नाहीं.

ही हानि केवढी, हें सायकलीच्या किंमतीवरून ठरत नाहीं. ज्याच्या दारीं मोटार उभी आहे त्याची हौसेची सायकल गेली, तर तो दोन दिवस हळहळेल आणि तिसऱ्या दिवशीं नवी आणील. पण पहाटे घरोघर वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, दूध पोंचविणारा गवळी, कारखान्याच्या पहिल्या पाळीला जाणारा कामगार, गांवाहून चार मैलांवरील शाळेंत येणारी मुलगी यांची सायकल गेली म्हणजे केवळ एक वस्तु जात नाहीं. दुसऱ्या दिवशींचा रोजगार जातो, कधीं शाळाहि जाते. आणि अशा माणसाला भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो: “कुलूप लावलें होतें ना?” तो “होय” म्हणाला तर दैवाला दोष लागतो, “नाहीं” म्हणाला तर त्याला स्वतःला. जणू सायकलीच्या रक्षणाचा सारा भार त्या वीतभर पोलादावरच आहे! तें पोलाद हा भार कितपत पेलूं शकतें, आणि जेथें त्याची शक्ति संपते तेथून पुढें काय, हें एकदां शांतपणें पाहण्याजोगें आहे.

कुलपावरील मनुष्याची श्रद्धा जुनी आहे. लंडनमध्यें जोसेफ ब्रामा नांवाचा एक मोठा कल्पक कारागीर होऊन गेला. त्यानें १७९० सालीं पिकॅडिलीमधील आपल्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप मांडून तें हत्यारानें उघडून दाखविणारास दोनशें गिनी देण्याचें जाहीर केलें. ब्रामा १८१४ सालीं वारला. कुलूप खिडकींत तसेंच राहिलें. साठ वर्षांहून अधिक काळ तें आव्हान अजिंक्य ठरलें. मग १८५१ सालीं लंडनला जें जगप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन भरलें, त्यास हॉब्ज नांवाचा एक अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला. त्यानें प्रथम चब यांचें नांवाजलेलें कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलें, आणि नंतर ब्रामाच्या कुलपाशीं तो सोळा दिवसांच्या अवधींत एकंदर एकावन्न तास झुंजत बसला. अखेर तेंहि उघडलें. बक्षिसाची रक्कम त्याच्या हातीं पडली, आणि इंग्लंडांतील तिजोऱ्यांच्या धन्यांची झोंप उडाली.

या गोष्टींतील मर्म असें कीं, ब्रामाचें कुलूप वाईट नव्हतें. एकावन्न तास तज्ज्ञाला रोखून धरणारें कुलूप उत्तमच म्हटलें पाहिजे. कारण कोणत्याहि चोराला परक्याच्या घरांत एकावन्न तास बसावयास मिळत नाहीं. कुलूप चोरी अशक्य करीत नाहीं, तिला वेळ लावतें. चांगल्या आणि वाईट कुलपांतील भेद हा त्या वेळेचा भेद आहे.

तिजोरीच्या कुलपाला ज्या सवलती असतात त्या सायकलीच्या कुलपाला नाहींत. तिजोरी जड, ती भिंतींत बसविलेली, आणि भिंतीबाहेर घर. सायकल मात्र हलकी, रस्त्यावर उभी, आणि चालणें हाच तिचा धर्म. इतर माल चोरल्यावर तो वाहून न्यावा लागतो. सायकल चोरल्यावर तीच चोराला वाहून नेते. शिवाय तिचें कुलूप धन्याला रोज बरोबर बाळगावें लागतें, म्हणून तें फार जड करून चालत नाहीं. कुलूपकर्त्यापुढील खरा पेंच हाच आहे.

आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचें कुलूप म्हणजे मागच्या चाकावर कायमचें बसविलेलें गोल कुलूप. किल्ली फिरवून खटका ओढला कीं त्यांतील पोलादी कडें चाकाच्या तारांमधून आरपार जातें आणि चाक फिरेनासें होतें. दुकानाच्या पायरीपाशीं दोन मिनिटें सायकल ठेवावयाची असेल तर यासारखी सोय नाहीं, कारण तें घरीं विसरत नाहीं आणि लावण्यास क्षणहि लागत नाहीं. परंतु तें सायकलीला सायकलीशींच बांधतें, जमिनीशीं किंवा खांबाशीं नाहीं. मागचें चाक उचलून पुढच्या चाकावर सायकल ढकलीत नेणाऱ्यास तें कांहींच करूं शकत नाहीं. आणि रस्त्यांतून अशी सायकल नेणारा माणूस लोकांना चोर न वाटतां किल्ली हरवलेला बिचारा वाटतो!

म्हणून दुसरें साधन येतें, तें सांखळीचें किंवा तारेच्या दोराचें. दोर हलका आणि स्वस्त, वरून रबराचें जाड वेष्टण असल्यामुळें दिसण्यांत भरभक्कम. परंतु आंत बारीक तारांचा पीळ असतो, आणि लोहाराकडील कातर तो कांहीं सेकंदांत तोडते. लांब दांड्याच्या कातरीत तरफेचें तत्त्व असतें. दांडे हात-दोन हात आणि जबडा बोटभर, त्यामुळें हाताचा जोर कितीतरी पटींनीं वाढून धारेवर येतो. साध्या लोखंडाची सांखळीहि तिच्यापुढें टिकत नाहीं. कडक पाणी दिलेल्या पोलादाची जाड सांखळी टिकते, पण तिचें वजन सायकलस्वाराला रोज जाणवतें.

अमेरिकेंत १९७० नंतर ‘क्रिप्टोनाइट’ नांवाचें एक कुलूप निघालें. कडक पोलादाची इंग्रजी यू अक्षरासारखी वांकविलेली कांब आणि तिचीं दोन्ही टोकें जोडणारा आडवा दांडा, एवढीच त्याची रचना. १९७२ सालीं कंपनीच्या संस्थापकानें न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागांत रस्त्यावरील एका खांबाला या कुलपानें सायकल बांधली आणि ती तेथें तीस दिवस ठेवली. चोरांनीं काढतां येण्यासारखा एकूण एक भाग काढून नेला; पण कुलूप तुटलें नाहीं, आणि त्यानें जें धरलें होतें तें जागच्या जागीं राहिलें. कंपनीला या प्रयोगापासून मोठी कीर्ति मिळाली, आणि ती योग्यच होती. तथापि विचारी माणसाला त्यांत दुसरीहि गोष्ट दिसेल: कुलूप जेवढ्याला कवेंत घेतें तेवढ्याचेंच रक्षण करतें. कुलपाच्या विजयानंतरहि धन्याच्या हातीं बसण्याजोगी सायकल उरली नव्हती.

या कीर्तीचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. या जातीच्या कांहीं कुलपांना नळीसारखी गोल किल्ली असे. २००४ सालीं एका अमेरिकन सायकलस्वारानें जगाला दाखवून दिलें कीं, लिहिण्याच्या साध्या, स्वस्त बॉलपेनची पोकळ नळी त्या गोल छिद्रांत दाबून फिरविली तर कुलूप उघडतें. ज्या पोलादावर करवतीचे दांत घसरत, तें प्लॅस्टिकच्या नळीपुढें नमलें! कंपनीनें ग्राहकांना कुलपें बदलून दिलीं. त्यांची संख्या पावणेचार लाखांहून अधिक भरली. आणि नवल असें कीं हा दोष अगदींच नवा नव्हता. एका ब्रिटिश सायकल-मासिकांत १९९२ सालींच त्याची वाच्यता झाली होती. म्हणजे बारा वर्षें तीं कुलपें ज्या जोरावर सायकली राखीत होतीं, तो जोर पोलादाइतकाच लोकांच्या अज्ञानाचाहि होता.

कुलपांची पारख करणाऱ्यांनीं मिनिटांचें हें माप उघडपणें स्वीकारलें आहे. इंग्लंडांत १९९२ सालीं पोलिसांच्या पुढाकारानें ‘सोल्ड सिक्युअर’ ही परीक्षक संस्था निघाली. तिच्या ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड या श्रेणींचा ढोबळ अर्थ बराच काळ असा समजला जाई कीं, ठराविक हत्यारें घेतलेल्या जाणत्या माणसापुढें ब्राँझ कुलूप एक मिनिट टिकावें, सिल्व्हर तीन आणि गोल्ड पांच. म्हणजे उत्तम म्हणून शिक्का बसलेल्या कुलपाचें अभिवचन काय, तर पांच मिनिटें! पुढें बॅटरीवर चालणारें हातांतील ग्राइंडर सर्वत्र मिळूं लागलें आणि त्याच्या फिरत्या चकतीपुढें हा हिशेबहि कोसळला. जाड पोलादी कांब मिनिट-दोन मिनिटांत कापली जाऊं लागली. अलीकडे चकतीलाच झिजविणारा लेप दिलेलीं कुलपें निघालीं आहेत. त्यांचीहि परीक्षा शेवटीं हीच कीं, चोराला किती चकत्या लागतात आणि किती वेळ लागतो.

मग कुलूप लावूंच नये काय? असा निष्कर्ष काढणें म्हणजे छत्री वादळांत टिकत नाहीं म्हणून पावसांत भिजत जाण्यासारखें आहे. बहुतेक चोऱ्या संधि साधून होतात, आणि बिनकुलपाची सायकल ही सर्वांत सोपी संधि होय. पांच मिनिटें पदरांत पडणार असतील तर तीं पुरेपूर घ्यावींत. सायकल नेहमीं हलविता न येणाऱ्या वस्तूला बांधावी; आणि ती वस्तु वरून मोकळी असून कुलपासकट सायकल उचलून काढतां येईल असा आंखूड खांब तर नाहीं ना, हें पाहावें. केवळ पुढचें चाक बांधूं नये. तें चटकन् सुटणाऱ्या खिळीचें असेल तर चाक खांबापाशीं उरतें आणि सायकल जाते. अमेरिकेंतील प्रसिद्ध सायकलतज्ज्ञ शेल्डन ब्राउन यांनीं मागच्या चाकाला, पण सायकलीच्या मागील त्रिकोणाच्या आंत येईल अशा जागीं, लहान यू-कुलूप अडकविण्याची पद्धत सांगितली. चाक त्या त्रिकोणांतून ओढून काढतां येत नाहीं, म्हणून एका कुलपानें चाक आणि सांगाडा दोन्ही बांधले जातात. यू-कुलूप लहान घेण्यांत हेतु असा कीं आंत पहार किंवा जॅक घालून तें फांकविण्यास जागा उरूं नये. शक्य असल्यास दोन निराळ्या जातींचीं कुलपें लावावींत, म्हणजे चोराला दोन निराळीं हत्यारें बाळगावीं लागतात.

इतकें केल्यावर पांचांचीं दहा मिनिटें होतात. परंतु त्या मिनिटांत कोणी पाहणारा नसेल, तर तीं दहा असलीं काय आणि पन्नास असलीं काय! कुलूप वेळ मिळवून देतें. त्या वेळाचा उपयोग दुसऱ्या कोणीं तरी करावयाचा असतो.

याविषयीं इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठांत एक मार्मिक प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या आवारांत सायकली ठेवण्याच्या तीन जागीं रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचें मोठें चित्र आणि सायकलचोरांवर लक्ष असल्याची सूचना लावण्यांत आली. पूर्वीच्या वर्षाशीं तुलना करतां त्या जागींच्या चोऱ्या शेंकडा ६२ नीं कमी झाल्या. कागदावरील डोळ्यांचा हा प्रताप! परंतु आवारांतील ज्या इतर जागीं चित्रें नव्हतीं, तेथें चोऱ्या शेंकडा ६५ नीं वाढल्या. चोर सुधारला नव्हता. तो पलीकडच्या रांगेंत गेला होता. एकट्यानें घेतलेल्या खबरदारीचें हेंच स्वरूप आहे. आपलें कुलूप शेजारच्या सायकलीच्या कुलपाहून भारी असलें म्हणजे पुष्कळदां चोरी टळत नाहीं, शेजाऱ्याकडे वळते.

आणि कागदी डोळ्यांना चोर जेवढा भितो तेवढें खऱ्या डोळ्यांना भितो काय? न्यूयॉर्कमधील चित्रपटकार केसी नाइस्टॅट यांनीं २०१२ सालीं आपलीच सायकल भर दिवसां रस्त्यावर ‘चोरून’ त्याचें चित्रण केलें. कातर, ग्राइंडर असलीं हत्यारें घेऊन ते ठिकठिकाणीं कुलूप तोडीत बसले. ठिणग्या उडत होत्या, आवाज होत होता, आणि लोक बाजूनें निघून जात होते. अखेरीस एका गजबजलेल्या चौकांत पोलिसांनीं त्यांना हटकलें. तोंपर्यंत बहुतेकांनीं मान वर करून विचारलेंहि नव्हतें. हें चित्र न्यूयॉर्कचें आहे, परंतु आपल्या गल्लींत कोणी सायकलीच्या कुलपाशीं खटपट करीत असतां किती जण थांबून “काय झालें हो?” असें विचारतात, हा प्रश्न प्रत्येकानें मनाशीं विचारण्यासारखा आहे. तो खरा धनी असेल तर रागावणार नाहीं. चोर असेल तर त्याचीं पांच मिनिटें तेथेंच संपतील.

डोळ्यांइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे बाजार. चोर सायकल चोरतो ती बहुधा विकण्यासाठीं. निम्म्याहून कमी किंमतींत सायकल मिळते म्हणून पावती न विचारतां ती घेणारा सद्गृहस्थ जोंपर्यंत आहे, तोंपर्यंत कोणतेंहि कुलूप पुरें पडणार नाहीं. कायद्यानें हें पूर्वींच ओळखलें होतें. १८६० च्या दंडसंहितेंत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आणि माल चोरीचा आहे हें जाणून, किंवा तसें मानण्यास सबळ कारण असतांना, तो अप्रामाणिकपणें घेणारासहि तितकीच. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेंतहि माल घेणाऱ्याची ती शिक्षा कायम आहे. मात्र तिच्यांत एक नवी तरतूद आली आहे. चोरीच्या मालाची किंमत पांच हजार रुपयांहून कमी असली, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असला आणि त्यानें माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा व्हावयाची आहे. आणि इतक्या कमी किंमतीची चोरी अदखलपात्र धरली गेली आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आज्ञेवांचून पोलिसांना तिचा तपास करतां येत नाहीं. भुकेपोटीं केलेल्या पहिल्या अपराधाकडे दयेनें पाहावें, हें कोणासहि पटेल. पण गरिबाची जुनी सायकल बहुधा पांच हजारांच्या आंतलीच असते, आणि तीच त्याची सर्वांत मोठी मालमत्ता असूं शकते, हेंहि विसरतां येत नाहीं.

म्हणूनच सायकलीची ओळख पटविणारी खूण जपावी. प्रत्येक कारखानी सायकलीच्या सांगाड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो. पुष्कळदां तो पायडलच्या आंसाखालीं, सायकल उलटी केल्यावर दिसतो. किती घरांत हा क्रमांक लिहून ठेवलेला असतो? पावती, क्रमांक आणि सायकलीचें एक छायाचित्र एवढा ऐवज जवळ असला, तर पोलिसांत सांगण्यासारखें कांहीं तरी असतें. नसला, तर “काळ्या रंगाची होती” यापलीकडे बोलतां येत नाहीं. पूर्वीं आपल्याकडे नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला देत. पुणें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई त्या काळांत या बिल्ल्याविषयीं लोकांनीं कुरकूरच पुष्कळ केली; पण प्रत्येक सायकलीची कोठें तरी नोंद असणें हा त्यांतला लाभ होता. कर गेला, त्याबरोबर नोंदहि गेली. जपानांत १९९४ पासून सायकलीची नोंदणी कायद्यानें बंधनकारक आहे. तेथें पोलिसाला रस्त्यावर सायकल थांबवून ती कोणाच्या नांवावर आहे हें ताडून पाहतां येतें.

ही ओळख नसली म्हणजे काय होतें, तें एका इटालियन चित्रपटानें जगाला दाखविलें आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ या चित्रपटांत युद्धानंतरच्या रोममधील एका बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते. अट एकच, सायकल हवी. ती गहाण पडलेली. बायको घरांतल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडविते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशीं, तो शिडीवर चढलेला असतांना, ती चोरीस जाते. बाप आणि लहान मुलगा बाजारांत शोधूं लागतात. तेथें सांगाडे, घंटा, पंप यांचे निरनिराळे ढीग पडलेले. एका सांगाड्याचा क्रमांक पोलिसाकरवीं तपासतात, तो जुळत नाहीं. पुढें चोरहि सांपडतो; पण पुरावा नाहीं, साक्षीदार नाहीं, आणि सारी गल्ली चोराच्या बाजूनें उभी राहते. शेवटीं हताश होऊन तो बाप स्वतः एक सायकल पळवूं पाहतो आणि मुलाच्या देखत पकडला जातो. धनी त्या रडणाऱ्या मुलाकडे पाहून त्याला सोडून देतो. १९५२ सालीं मुंबईंत भरलेल्या चित्रपट-महोत्सवांत हा चित्रपट दाखविला गेला. तो पाहून बिमल रॉय भारावून गेले, आणि १९५३ सालीं त्यांचा ‘दो बीघा जमीन’ आला.

त्या रोमच्या बापाला गल्लींतील एका माणसानें खरें सांगितलें असतें, बाजारांतील एका दुकानदारानें माल कोठून आला हें विचारलें असतें, तर त्याचा हात दुसऱ्याच्या सायकलीकडे वळला नसता. चोरी एका घरीं होऊन थांबत नाहीं. ज्याचें गेलें आणि ज्याला कोठेंहि न्याय मिळाला नाहीं, त्याच्या मनालाहि ती शिवते.

वाचनालयासमोर किल्ली घेऊन उभे असलेले ते गृहस्थ आतां घरीं परतले असतील. उद्यां ते नवी सायकल घेण्याचा विचार करतील, आणि दुकानदाराला सर्वांत मजबूत कुलूप दाखविण्यास सांगतील. तें त्यांनीं अवश्य घ्यावें. मात्र जातांना वाटेंत कोणी जवळजवळ नवी सायकल निम्म्या किंमतींत देऊं केली, तर क्षणभर थांबून त्यांनीं आज संध्याकाळची ती रिकामी जागा आठवावी, आणि पावती विचारावी.